बिन्नी खरी आहे का?

रत्नप्रभा मोघे जयपूरला आली ती नवऱ्याच्या बदलीबरोबर. नंदकिशोर विमा कंपनीत अधिकारी होता. दोन वर्षांत परत जाऊ म्हणून निघालेली माणसं बनी पार्कातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं राहिली. साताऱ्याला असताना ती मुलांच्या मासिकांत मराठीत लिहायची. इथे मराठी मंडळाच्या गणपतीत जी मुलं भेटत, ती आरती पाठ म्हणत आणि लगेच आपापसांत हिंदीत भांडायला लागत. त्यांच्यासाठी कोण मराठी वाचणार? तिने हिंदीत लिहायला घेतलं. पहिलं पुस्तक 'चौड़ा रास्ता' या बाजारातल्या द्वारकाजींनी काढलं. छोटे प्रकाशक, पण मुलांच्या पुस्तकांची मनापासून हौस असलेले.

शाळांत जायला लावलं तेही त्यांनीच. पहिल्या वेळी रत्नप्रभा नाखुशीनेच गेली होती. पण थोड्याच दिवसांत तिच्या लक्षात आलं, की हे आपल्याला जमतंय, आणि नुसतं जमत नाही तर फार आवडतंय. ती कुणाची तरी कंपास पेटी मागून घ्यायची, त्यातल्या तीन वस्तू बाहेर काढायची आणि मुलांना विचारत विचारत तिथल्या तिथे गोष्ट रचायची. तुटलेला खोडरबर, कुणाच्या तरी वाढदिवसाची रिबन, बसचं जुनं तिकीट. पोरं खिदळायची, सरकत सरकत पुढे यायची. शेवटी कुणीतरी हमखास विचारायचं, "मैम, ये सच में हुआ था?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "हर कहानी में कोई न कोई तो होता ही है." एवढंच. पुढे ती काही सांगत नसे.

अश्लेषा तायडे तिच्याकडे यायला लागली ती २००३ च्या उन्हाळ्यात. रेल्वेचा नवा झोन जयपूरला सुरू झाला, तेव्हा भुसावळकडून जी माणसं इकडे आली त्यांत तिचे वडील शामराव होते. मूळ अकोल्याकडचे, सिग्नल खात्यात. मंडळाच्या एका कार्यक्रमात ते रत्नप्रभाला भेटले आणि जरा संकोचत म्हणाले, "मॅडम, पोरीले मराठी वाचता येत नाही. अक्षरं येतात, पण अर्थ लागत नाही. शिकवान का?"

शनिवारी दुपारी शाळा सुटली की शामराव तिला सायकलवरून सोडून जायचे. नऊ वर्षांची, बारीक अंगाची, कपाळावर केस सारखे मागे सारणारी मुलगी. ती 'ळ' ला 'ल' म्हणायची आणि मग स्वतःच जीभ चावायची. तीन-चार आठवडे झाल्यावर एका शनिवारी तिने फ्रॉकच्या खिशातून घडी केलेलं पत्र काढलं.

"काकू, हे मला वाचायचंय."

"कुणाचं आहे?"

"मम्मीचं. अकोल्याहून. बाबा वाचून दाखवतात, पण मतलब, ते मध्ये मध्ये सोडतात. मला कळतं. त्यांचे डोळे खाली जातात आणि तोंड थांबतं."

रत्नप्रभाने पत्र उलगडलं. सुरुवातीला खुशाली होती, आजीच्या गुडघ्यांचं होतं. मग मध्येच एक ओळ, 'गॅस बंद केला काय?' पुन्हा दोन ओळी मजकूर, पुन्हा तेच. दुसऱ्या पानावर तर तेवढंच होतं, एकाखाली एक, अकरा वेळा, आणि अक्षर खाली खाली मोठं होत गेलेलं.

अश्लेषाने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सगळ्या अकराच्या अकरा. मग म्हणाली, "अच्छा. बाबा हे सोडतात."

त्या दिवशी हळूहळू सगळं बाहेर आलं. आईला, सुलोचनाला, एक बाळ झालं होतं आणि ते दोन दिवसांत गेलं. त्यानंतर तिने बोलणं कमी केलं, मग झोपणं. एकदा ती भर दुपारी गॅसच्या शेगडीपाशी तीन तास उभी राहिली होती. आता ती माहेरी होती आणि तिला नागपूरच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. "स्कूलमध्ये मी सांगितलंय की मम्मी टीचरचं ट्रेनिंग करते," अश्लेषा म्हणाली. "म्हणून ती दूर आहे."

रत्नप्रभाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला बेसनाचा लाडू दिला. 'कुणाला सांगू नका' असं अश्लेषा म्हणाली नव्हती. पुढे कित्येक दिवस रत्नप्रभा स्वतःला ते बजावत राहिली, की ती तसं म्हणाली नव्हती.

वर्षभराने तायड्यांना हसनपुऱ्याकडच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं, अश्लेषाची शाळा बदलली, शनिवारचं येणं थांबलं. आणि रत्नप्रभाच्या मनातून ते दुसरं पान काही जाईना. तिने गोष्ट लिहिली. मुलीचं नाव बिन्नी ठेवलं, गाव बदललं, वडिलांना पोस्टात नोकरीला लावलं, बाळाचं काढूनच टाकलं. ती ओळसुद्धा बदलून पाहिली. 'दार लावलं का', 'दूध तापवलं का'. पण मूळ ओळीपुढे सगळ्या खोट्या वाटत होत्या. शेवटी तिने तीच ठेवली. 'गैस बंद की थी ना?' शेवट मात्र तिने स्वतःच्या मनाने लिहिला. दिवाळीच्या आदल्या दिवशी बिन्नीची आई बरी होऊन गाडीतून उतरते. मुलांच्या पुस्तकात मुलांना अंधारात सोडून द्यायचं नाही, असं ती सगळ्या मुलाखतींतून सांगत आली होती.

'बिन्नी की डाक' २००५ च्या ऑगस्टमध्ये आलं आणि तिच्या आधीच्या सगळ्या पुस्तकांना मागे टाकून गेलं. दोन संस्थांनी त्याला बक्षीस दिलं, शाळांच्या वाचनालयांच्या यादीत ते लागलं, द्वारकाजी तर प्रत्येक फोनवर आधी "बधाई हो, दीदी" म्हणत. अश्लेषाला एक प्रत द्यावी असं रत्नप्रभाच्या मनात आलं होतं. मग वाटलं, कशाला? तिला कळेल. आणि कळणार असेल तर तिला ते आवडेल का, हा प्रश्न तिने तिथेच सोडून दिला.

फेब्रुवारीत विद्याधर नगरमधल्या एका शाळेने तिला बोलावलं. हिंदी शिकवणाऱ्या मंजुषाजींनी सहावीच्या वर्गाकडून ते पुस्तक अख्खं वाचून घेतलं होतं. सभागृहात सतरंज्यांवर शे-सव्वाशे मुलं बसली होती. भिंतीवर मुलांनी काढलेली बिन्नीची चित्रं लावली होती. रत्नप्रभाने त्या दिवशी कंपास पेटीची गोष्ट रचली नाही. मुलांनी पुस्तकातलाच उतारा मागितला, तिने पत्राचा उतारा वाचला.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या ओळीत एका मुलीचा हात बराच वेळ वर होता. "पीछे वाली बच्ची, एक मिनट," असं रत्नप्रभा म्हणाली आणि तिने पुढच्या मुलाला आधी विचारू दिलं.

"मैम, बिन्नी सच में है?"

ठरलेलं उत्तर तिच्या ओठांवर होतं. पण समोर इतकी मुलं श्वास रोखून बसलेली, मंजुषाजींचे डोळे भरून आलेले. ती म्हणाली, "हाँ, है. मेरी ही तरह मराठी बोलनेवाली एक बच्ची. मेरे घर पढ़ने आती थी. वह चिट्ठी उसी ने मुझे दिखाई थी."

मागच्या ओळीतल्या एका मुलीने झटकन मान वळवून शेजारणीकडे पाहिलं. मग तिच्या पुढच्या मुलींनी. मग ते वळणं ओळी-ओळींनी पुढे येत गेलं, आणि सगळे पाहत होते तिकडे रत्नप्रभानेही पाहिलं. हात खाली आला होता. मुलगी आता उंच झाली होती, केस कापून आखूड केलेले होते, पण कपाळावरचे केस मागे सारायची ती रीत तीच होती.

रत्नप्रभाने काहीतरी बोलून कार्यक्रम आवरला. प्राचार्यांच्या खोलीत कचोरी आणि चहा होता. ती पाच मिनिटांनी उठून सहावीच्या वर्गाकडे गेली, तर वर्ग खेळाच्या तासाला गेलेला. ती मैदानावर गेली नाही. काय बोलणार होती ती, सगळ्यांच्या देखत?

दहा दिवसांनी मंजुषाजींचा फोन आला. अश्लेषा तायडे आठवडाभर शाळेत आलेली नव्हती. तिच्या बाकावर कुणीतरी खडूने 'बिन्नी' लिहिलं होतं. दोन-तीन मुलं मधल्या सुट्टीत "गैस बंद की थी ना?" असं ओरडत तिच्यामागे गेली होती. "मैम, वह सचमुच वही है क्या? बच्चे मुझसे पूछ रहे हैं."

"मैं बताती हूँ," एवढं बोलून रत्नप्रभाने फोन ठेवला.

संध्याकाळी तिने नंदकिशोरला सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून बाजूला ठेवला. "तू नाव तर घेतलं नाहीस ना कुणाचं?"

"नाव घेतलं नाही. बाकी सगळं घेतलं."

दुसऱ्या दिवशी ती रिक्षाने रेल्वे कॉलनीत गेली. खालच्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं क्वार्टर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर कपडा झाकलेला. शामरावांनी दार उघडलं, पाहिलं आणि बाजूला होऊन "या" म्हणाले. पाणी आणून ठेवलं. मग समोरच्या खुर्चीत न बसता ते दाराशी उभेच राहिले.

"मी चुकले, शामराव," रत्नप्रभा म्हणाली.

"मले पुस्तकाचं काही समजत नाही, मॅडम. मी पोरीच्या शाळेत गेलो, मास्तरीणबाईनं दाखवलं, तवा वाचलं." ते हळू आवाजात बोलत होते. "माह्या बायकोचं पत्र हाये ते. ते मी माह्या भावालेबी नाही दाखवलं. पोरगी तुमच्या घरी यायची, तर मले बरं वाटे. शिकलेलं घर हाये, पोरीले वळण लागन. तुम्ही विचारलं असतं, तर मी नाही म्हणलो असतो का, ते मले आज सांगता येत नाही. पण विचारलं असतं."

"मी विचारायला हवं होतं."

"हो."

रत्नप्रभाला वाटलं होतं, ते रागावतील. आतल्या दाराचा पडदा हलला आणि अश्लेषा बाहेर आली.

"बाबा, मला काकूंशी बोलायचंय."

शामरावांनी क्षणभर दोघींकडे पाहिलं आणि ते अंगणात गेले.

अश्लेषा समोरच्या खुर्चीत बसली. "मी पुस्तक आधीच वाचलं होतं," ती म्हणाली. "सप्टेंबरमध्ये. लायब्ररीत. मला तेव्हाच कळलं की मीच आहे."

"तुला वाईट वाटलं?"

"नाही. मतलब, थोडं. पण मला वाटलं, तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

"कसलं?"

"मम्मी दिवाळीला येणार ते." अश्लेषाचा आवाज अगदी सरळ होता. "तुम्ही बाकी सगळं खरं लिहिलं होतं. पत्र खरं, बाबा सोडून वाचतात ते खरं. मग मला वाटलं, तेही खरं असेल. बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल आणि मला सरप्राइज द्यायचं असेल. मी दिवाळीच्या आदल्या दिवशी स्टेशनवर गेले होते. इथून जवळ आहे, बाबांना न सांगता. अकोल्याकडच्या दोन गाड्या आल्या. दुसरीनंतर एका भैयाने विचारलं, किसको लेने आई हो, तर मी परत आले."

रत्नप्रभाने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"त्या दिवशी शाळेत मी तेच विचारणार होते. हात वर केला होता. तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून." ती थांबली. "कुणीच सांगितलं नव्हतं ना?"

"नाही, बाळा. मी मनानं लिहिलं."

"का?"

"मुलांना बरं वाटावं म्हणून."

अश्लेषाने मान हलवली, जणू गणिताचं उत्तर ताडून पाहिलं. रत्नप्रभाला रडू येत होतं, पण या मुलीपुढे रडणं म्हणजे तिच्याकडूनच आणखी काही मागून घेणं होईल असं वाटून तिने ते गिळलं.

"मी काय करू सांग. पुस्तक बंद करायला लावते. शेवट बदलते."

"आता सगळ्यांनी वाचलंय. बदलून काय होणार?" अश्लेषाने कपाळावरचे केस मागे सारले. तिने विचार करून ठेवला होता, ते दिसतच होतं. "तुम्ही शाळेत या आणि सांगा, की ते खोटं होतं. कोणी मुलगी नव्हती. तुम्ही असंच म्हणालात."

"पण मी सगळ्यांसमोर..."

"भार्गवी पत्राचं विचारेल. ती एकदा आमच्याकडे आली होती, तिने ते पान बघितलंय. मी तिला तेव्हा सांगितलं होतं, की हे माझं मराठी लिहायचं होमवर्क आहे. तर तुम्ही सांगा, मी तुमच्याकडे मराठी शिकायला येत होते आणि ते वाक्य तुम्हीच मला लिहायला दिलं होतं. मग तुम्हाला ते वाक्य आवडलं आणि तुम्ही ते बुकमध्ये घातलं. असं सांगितलं तर सगळं बरोबर बसतं."

सगळं खरोखरच बरोबर बसत होतं. रत्नप्रभाने "हो" म्हटलं.

शुक्रवारी ती शाळेत गेली. सभागृह नको, फक्त सहावीच्या वर्गात दहा मिनिटं द्या, असं तिने मंजुषाजींना सांगितलं होतं. अश्लेषा तिसऱ्या बाकावर बसली होती, वहीत काहीतरी लिहीत. तिने वर पाहिलं नाही.

"पिछली बार मैंने आपसे एक बात कही थी," रत्नप्रभा म्हणाली, "कि बिन्नी सचमुच की लड़की है. वह बात सच नहीं थी. बिन्नी को मैंने अपने मन से बनाया है."

वर्गात कुजबुज झाली. भार्गवी उभी राहिली. "पर मैम, वो चिट्ठी तो मैंने अश्लेषा के घर देखी थी."

"अश्लेषा मुझसे मराठी सीखती थी. वह वाक्य मैंने ही उसे लिखने को दिया था, अभ्यास के लिए. बाद में किताब में डाल दिया."

भार्गवीने अश्लेषाकडे पाहिलं. अश्लेषाने न बघता खांदे उडवले. "बोला तो था तुझे."

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तो मैम, आप हमसे झूठ क्यों बोलीं?"

त्याच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. रत्नप्रभाने इतक्या वर्षांत मुलांचे हजार प्रश्न झेलले होते, पण हा तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"ताकि कहानी आपको और अच्छी लगे," ती म्हणाली. "मुझे नहीं बोलना चाहिए था."

काहींचे चेहरे पडले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने दप्तरातून डोकावणारं ते पुस्तक आत ढकललं.

बाहेर व्हरांड्यात मंजुषाजी तिच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या नाहीत. जिन्याशीच थांबल्या. त्यांच्या हातात रिबन बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. "मैंने बच्चों से बिन्नी को पत्र लिखवाए थे," त्या म्हणाल्या. "आपको देनेवाली थी. एक बच्चे ने पहली बार अपने घर की बात लिखी है." मग गठ्ठा छातीशी धरून म्हणाल्या, "अब क्या दूँ, मैम." आणि वळून वर गेल्या.

त्या रात्री नंदकिशोर म्हणाला, "मंजुषाला तरी खरं सांगून टाक. ती समजूतदार बाई आहे."

"एकीला सांगितलं की ते सगळ्यांना कळणार. मग मी गेले कशाला होते?"

अश्लेषा पुन्हा शाळेत जायला लागली, एवढं तिला शामरावांच्या एका छोट्या फोनवरून कळलं. चिडवणं संपूर्ण थांबलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शाळांची बोलावणी मात्र कमी होत गेली. शिक्षक एकमेकांशी बोलतात. लेखिकेने मुलांशी खोटं बोलून पुस्तक गाजवलं, असं त्यांच्यात पसरलं होतं, आणि ते तिला कुठेच खोडून काढता येत नव्हतं. द्वारकाजींना तिने 'बिन्नी' पुन्हा छापू नका म्हणून सांगितलं. ते चिडले, मग त्यांनी समजावलं, शेवटी हात जोडले. "दीदी, इससे अच्छा आपने कुछ लिखा नहीं है." छापलेल्या प्रती शाळाशाळांच्या कपाटांत होत्या, त्या परत आणण्याचा काही मार्ग नव्हता. कुणीतरी आणखी एक मुलगी ते पुस्तक वाचून दिवाळीची वाट बघत असेल, हा विचार तिला भाजी चिरताना येई, बँकेत रांगेत उभं असताना येई.

पुढचं वर्षभर तिने काही लिहिलं नाही. जे सुचायचं ते कुणाचं तरी असायचं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीचं, भाजीवालीच्या नातीचं, स्वतःच्या मेलेल्या भावाचं. मग तिने एक खारीची गोष्ट लिहिली, कडुनिंबावर राहणाऱ्या, जिला कुणाचंच काही घ्यावं लागलं नव्हतं. द्वारकाजींनी ती छापली. पुस्तक आलं आणि गेलं.

२००८ च्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात तिला अलका भेटली. अलकाचा नवरा रेल्वेत होता आणि ती त्याच कॉलनीत राहायची. तिळगूळ हातावर ठेवत ती म्हणाली, "तुमच्याकडे यायची ना ती तायड्यांची मुलगी? त्यांची बदली झाली हो. भुसावळला गेले परत, गेल्याच महिन्यात. सामान नेताना मी होते तिथे. आणि तिची आई, माहितेय का तुम्हाला, ती म्हणे..."

रत्नप्रभाचा जीव कानांत गोळा झाला. आली होती का ती? बरी झाली का? कशी दिसत होती? अश्लेषा तिच्याजवळ उभी होती का? अलकाला दोन शब्द बोलू दिले असते, तर दोन वर्षं छातीवर असलेलं ओझं कदाचित हललं असतं. पण तिला स्वतःचं मन नीट ठाऊक होतं. ते आईसाठीही कळवळत होतं, आणि त्याच वेळी त्यातला एक कोपरा कागद पुढे ओढून बसला होता.

"नको सांगूस, अलका," ती म्हणाली.

"अहो, चांगलंच..."

"चांगलं असू दे नाहीतर वाईट. मला नको सांगूस."

रत्नप्रभाने अलकाच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आत जाऊन ती बायकांच्या ओळीत सगळ्यांत शेवटी बसली.